जूनचा ठेकेदार

वऱ्हाडात घराच्या भिंतीला भेग पडली की ‘काहून पडली?’ असं कोणी विचारत नाही. ‘कोणाले दाखवली?’ असं विचारतात. शेजारी बघून जातो, साडू बघून जातो, सिलिंडर द्यायला आलेला पोरगाही टाकी उतरवून ठेवता ठेवता बघून घेतो, आणि प्रत्येकाजवळ एक माणूस असतोच. ‘आपला माणूस हाय. एक नंबर काम करते.’ त्याचं शिक्षण काय, त्याने आधी कोणाच्या घराचा पाया सावरला आणि ते घर आज कसं उभं आहे, हे विचारणं म्हणजे सुचवणाऱ्याचा अपमान. तो ‘आपला’ आहे, यात सगळं आलं.

दोष घरमालकाचा नाही, जमिनीचा आहे. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरकडची पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती कापसाला लाख चांगली, पण तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट जातीचं खनिज असतं. पाणी मिळालं की ती फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात शेतातल्या भेगांत हात जातो, हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. त्याच पोराचा बाप मात्र शेजारच्याच प्लॉटवर दोन-अडीच फूट खोदून जोतं बांधतो आणि पाच वर्षांनी भिंत चिरली की करणीचा संशय घेतो. इतर ठिकाणी थोडं खाली गेलं की मुरूम लागतो. इथल्या खारपाणपट्ट्यात मुरूम लागेपर्यंत खोदायचं ठरवलं तर पायाऐवजी विहीर तयार होईल, आणि तीही खाऱ्या पाण्याची.

आता या मातीचं एक गुपित सांगतो. गावातले निम्मे ठेकेदार त्यावर जगतात.

उन्हाळ्यात घराबाहेरची माती वाळते, घराखालच्या सावलीतली ओल मात्र टिकून राहते. म्हणून बाहेरच्या भिंती खाली बसतात. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणारी ती तिरपी भेग होळीनंतर रुंदावू लागते. मे संपता संपता तिच्यात पाचाचं नाणं बसतं. मग पाऊस येतो. बाहेरची माती फुगते, भिंत वर उचलली जाते आणि भेग आपोआप मिटत येते. पूर्ण नाही, पण पुट्टीखाली झाकता येईल इतकी.

यात जो प्रामाणिक ठेकेदार मे महिन्यात येतो, भेग खोलवर कोरतो, आत पक्कं मिश्रण ठासून भरतो, जाळी ठोकून वर प्लास्टर करतो, त्याचा घात होतो. पावसात भिंत वर यायला लागली की भेगेला मिटायला जागाच नसते. प्लास्टर फुगतं, पोपडा सुटतो आणि गावभर त्याची बदनामी होते. याउलट जो जूनमध्ये, मृग लागल्यावर येतो, आत काही भरत नाही आणि नुसता पुट्टीचा हात मारून रंग देतो, त्याचं काम दिवाळीपर्यंत आरशासारखं राहतं. दिवाळीतच चार पाहुणे घरी येतात. ‘कोणाकडून केलं?’ विचारतात. नंबर घेतात. होळीला ती रेघ पुन्हा डोकावते तेव्हा ठेकेदार म्हणतो, ‘भाऊ, ही ते भेग नाही. ही नवी हाय.’ आणि नव्या भेगेचं नवं कोटेशन देतो.

याच्या व्हिजिटिंग कार्डावर ‘३० वर्षांचा अनुभव’ छापलेलं असतं. ते खोटं नाही. त्याच घरांच्या त्याच भेगांचा तीस वर्षांचा अनुभव त्याच्या गाठीशी आहे.

परवान्याचं म्हणाल तर नगरपालिकेत नकाशा मंजूर करायला परवानाधारक अभियंत्याची सही लागते. सरकारी कामं घ्यायला सार्वजनिक बांधकाम विभागाकडे वर्गवार नोंदणी करावी लागते. तुमच्या राहत्या घराचा पाया उकरायला मात्र टिकाव पुरतो. बिल्डरकडून घर घेतलं असेल तर २०१६चा रेरा कायदा आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला आणि तो कळवला तर त्याने तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा. पण ज्याने स्वतःच्या प्लॉटवर स्वतःच्या मिस्त्रीकडून घर बांधून घेतलं, त्याला हा कायदा ओळखतही नाही. राहता राहिला ग्राहक आयोग. घरबांधणी ही त्यांच्या लेखी सेवा आहे, तिथे दाद मागता येते, फक्त हातात एखादा कागद हवा. गृहस्थ दबकत बिल मागतो. ठेकेदार सहानुभूतीने म्हणतो, ‘देतो ना. पण मंग जीएसटी लागीन.’ कागदाचा विषय तिथेच संपतो. पुढचे सगळे व्यवहार डायरीच्या मागच्या पानावर होतात, आणि ती डायरी ठेकेदाराची असते.

एवढं असूनही कोणाला खरोखरच जाणता माणूस शोधायचा असेल, तर तो पहिल्यांदा आला की कुठे बघतो ते पाहावं. भिंतीवर बोट फिरवून फुटाचा भाव सांगणारा झटकन कामाला लागतो, म्हणून आपल्याला तो आवडतो. दुसरा एक प्रकार असतो. तो भेगेकडे ओझरतं पाहून घराला प्रदक्षिणा घालतो. गच्चीचं पाणी कुठे पडतं, न्हाणीचा पाइप कुठे झिरपतो, सेप्टिक टँक किती जवळ आहे, भिंतीला खेटून लावलेला कडुनिंब केवढा झालाय, हे पाहतो. मग भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवतो, तिच्यावर तारीख लिहितो आणि म्हणतो, काच तडकते का बघत राहा. बायको आतून विचारते, ‘हा काम करून राह्यला की नुसता फिरून राह्यला?’

हा मनुष्य पुढे पायाजवळ खड्डा घ्यायला लावतो आणि माती तपासायला पाठवतो. प्रयोगशाळेत ती वाळवून, चाळून, दहा-दहा ग्रॅम दोन नळ्यांत टाकतात. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. चोवीस तासांनी बघतात. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात किती फुगली त्यावरून तिचा स्वभाव कळतो. यावर घरमालकाचं म्हणणं असं की पैसे कशाला घालता, माती काळी आहे हे मला इथूनच दिसतं.

तोच पुढे सांगतो की पायाला खालून आधार द्यायचा झाला तर मीटरभराचा एक तुकडा खोदायचा, भरायचा, घट्ट होऊ द्यायचा, मग मधला सोडून पुढचा. तेवढ्यात जूनवाल्याचा फोन येतो. त्याचा भाचा जेसीबी चालवतो आणि तो अख्खी बाजू एका दुपारी उघडी करून द्यायला तयार आहे. त्या दुपारी भिंत कशावर उभी राहील, हा प्रश्न दोघांनाही पडत नाही.

रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी तळाशी फुगीर गाठ असलेले खांब विकसित केले. खोल काळ्या मातीत ते किमान साडेतीन मीटर खाली न्यावेत, असं भारतीय मानक सांगतं. त्यांच्यावरच्या तुळईखाली थोडी पोकळी सोडायची, म्हणजे फुगणारी माती तुळईला ढकलत नाही. आमच्याकडे काही हौशी लोकांनी हे खांब घातलेही. नंतर मिस्त्रीने ती पोकळी डबर भरून नीट बुजवली. उंदीर शिरले असते.

अखेर अभियंत्याचा अहवाल येतो. पाइप बदला, घराभोवती बाहेर उताराची फरशी करा, पन्हाळीचं पाणी लांब सोडा आणि एक पावसाळा, एक उन्हाळा भेग मोजत राहा. त्यानंतर गरज वाटली तर पायाला हात लावू. थोडक्यात, सध्या ठेकेदार नको, प्लंबर बोलवा.

घरमालक आधी फी किती ते वाचतो आणि मग अहवाल. काहीच करायचं नाही हे सांगायचे एवढे पैसे? आणि वर्षभर थांबायचं कसं? मेच्या तेवीस तारखेला पोरीचं लग्न आहे, व्याही याच खोलीत बसणार. अहवाल फ्रिजवर ठेवून तो जूनवाल्याला फोन लावतो. पुट्टी, रंग, जे काय लागेल ते, फक्त वीस मेच्या आत करून द्या.

जूनवाला डायरी चाळल्याचा आवाज करतो. ‘नाही जमत भाऊ, मेमंधी बुकिंग फुल हाय. लग्न पुढं ढकलता येत असन तं पाहा. दोन पाणी पडू द्या, मंग येतो.’