बिनतारी तारापूर: नवशिक्यांसाठी सोपं मार्गदर्शन

अभिनंदन! जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलंत. आवाज येतो, प्रिंटर चालतो, मराठी जोडाक्षरंसुद्धा धड दिसतात. फक्त वरच्या कोपऱ्यात वाय-फायचं चिन्ह नाही. घाबरू नका. तारापूरशेजारी बोईसरला, आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात ही विद्या मी अकरा रविवार घालवून मिळवली आहे. माझं ऐकलंत तर तुमचं दहा रविवारांत होईल.

१. लॅपटॉप नीट निवडा. नवा घेऊ नका. त्यात सगळं पहिल्याच दिवशी चालण्याचा धोका असतो. मुंबईहून सेकंडहँड आणा, डहाणू लोकलमध्ये मांडीवर सांभाळत. आत ब्रॉडकॉमची जुनी चिप असेल तर उत्तम, रिअलटेकची असेल तरी निराश होऊ नका. लिनक्सची आवृत्तीही जुनीच घ्या. डेबियन नावाच्या लिनक्सवाल्यांनी २०२२ साली मतदान घेतलं आणि जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून बंदिस्त फर्मवेअर (म्हणजे काय, ते तिसऱ्या पायरीत) इन्स्टॉलरमध्येच घालून टाकलं. अशानं ही कला टिकायची कशी?

२. रोग ओळखा. टर्मिनलची काळी खिडकी उघडून 'एलएसपीसीआय -एनएन' ही आज्ञा द्या. (टंकताना रोमन लिपीत टंका, यंत्राला अजून बाराखडी येत नाही.) लांबलचक यादी येईल. तिच्यात 'चौदा-ई-चार' दिसलं तर ब्रॉडकॉम, 'दहा-ई-सी' दिसलं तर रिअलटेक. हे आकडे पाठ करा. लग्नकार्यात कुणी लॅपटॉपचा विषय काढलाच, तर "तुमचा चौदा-ई-चार का?" एवढंच विचारून मान हलवायची. पुढच्या पंगतीपर्यंत तुम्ही इंजिनिअर.

३. ड्रायव्हर आणि फर्मवेअर यांतला फरक समजून घ्या. ही पायरी जगात इतरत्र अवघड जाते, तारापूरकरांना नाही. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका तारापूरच्या अणुवीज केंद्रातून निवृत्त झालेत. मी त्यांना सांगितलं, "काका, ड्रायव्हर लिनक्समध्येच आहे. पण चिप सुरू होताना तिच्यात एक छोटी फाइल भरावी लागते. ती कंपनीची, आणि ती वाटायची परवानगी कंपनी देत नाही." काकांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, "म्हणजे आमचं इंधनच की रे!"

आणि सुरू झाले. १९६३ चा अमेरिकेशी करार, अमेरिकी बनावटीच्या दोन भट्ट्या, १९६९ पासून वीज. यंत्र आपल्या दारात, पण त्यात घालायचं समृद्ध युरेनियम तीस वर्षं अमेरिकेकडूनच घ्यायचं. मग १९७४ ला पोखरणचा अणुस्फोट झाला, १९७८ ला तिकडे नवा कायदा आला आणि पुरवठा अडला. १९८२ मध्ये फ्रान्सशी जुळवलं, पुढे चीनकडून आणलं, नंतर रशियाकडून. "भट्टी आमची, पण किल्ली कायम दुसऱ्याच्या खिशात," काका म्हणाले. "तुझी फाइल फ्रान्सकडे मिळते का बघ."

काकांना वाटलं विनोद केला. पण जुन्या ब्रॉडकॉम चिपांचं प्रकरण खरोखर याच वळणानं गेलं. कंपनी माहिती देईना, तेव्हा काही खटपट्यांनी तिच्याच ड्रायव्हरची उकल करून 'बी-फोर्टीथ्री' नावाचा मुक्त ड्रायव्हर लिहिला. फर्मवेअर मात्र लिहिता येईना, म्हणून कंपनीच्या ड्रायव्हरच्या पोटातून ते कापून काढणारं एक अवजार बनवलं. त्याचं नाव चक्क 'एफडब्ल्यू-कटर', म्हणजे फर्मवेअर कापणारा. कंपनीचं मन पाघळलं सप्टेंबर २०१० मध्ये; तेव्हा तिनं स्वतःचा मुक्त ड्रायव्हर दिला, पण नव्या चिपांसाठी. तुमची चिप त्या यादीत नाही. मी न बघता सांगतो.

४. फर्मवेअर उतरवा. आज्ञा सोपी आहे. ती दिली की यंत्र ती फाइल इंटरनेटवरून आणायला जातं. इंटरनेट नाही, कारण वाय-फाय नाही. वाय-फाय नाही, कारण ती फाइल नाही. इथे नवशिके भिंतीकडे बघत बसतात. बसा थोडा वेळ, बरं वाटतं.

मग मोबाइल काढा, चार्जिंगच्या केबलनं लॅपटॉपला जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. इंटरनेट त्या क्षणी सुरू होईल. ड्रायव्हर नाही, फर्मवेअर नाही, काही नाही. आता तुमच्या मनात एक प्रश्न येईल. तो विचारू नका. आमच्या घरात तो सौ.नी विचारला होता, "मग असंच का नाही वापरत?" त्यानंतर मी बराच वेळ गॅलरीत उभा होतो.

५. सिक्युअर बूटचा मान राखा. काही चिपांचं फर्मवेअरवर भागत नाही, बाहेरचा ड्रायव्हरही बांधून घालावा लागतो; आणि सिक्युअर बूट चालू असेल तर असा नवा ड्रायव्हर स्वाक्षरीशिवाय आत घेतला जात नाही. तुम्हाला एक पासवर्ड ठरवायला सांगतील. मग लॅपटॉप पुन्हा सुरू होताना निळा पडदा येईल आणि दहा सेकंदांत एखादं बटण दाबायला सांगेल. त्या दहा सेकंदांत दारावर दूधवाला येतो. पडदा निघून जातो, की पहिल्यापासून. पासवर्ड लक्षात राहील असाच ठेवा. मी रागाच्या भरात ठेवला होता, आणि रागात सुचलेल्या शब्दांतला कुठला निवडला ते नंतर आठवेना.

६. वीज गेली तर थांबा. ड्रायव्हर बांधला जाताना ती जातेच, आणि सेकंडहँड बॅटरी चार मिनिटं टिकते. अणुवीज केंद्राच्या सावलीत राहून अंधार कसा, असं पाहुण्यांना वाटतं. त्यांना ग्रिड म्हणजे काय ते समजावून सांगा. तेवढ्यात येते.

७. वाय-फाय दिसलं, पण राउटरला टेकून बसल्यावरच? तर तुमची रिअलटेक आहे. काही लॅपटॉपांत पैसे वाचवायला दोनऐवजी एकच अँटेना लावलेला असतो, आणि ड्रायव्हर बिचारा दुसऱ्या, रिकाम्या खुंटीला कान लावून बसतो. 'अँट-सेल' नावाचा एक पर्याय आहे, त्याला एक किंवा दोन सांगायचं. एक चुकला तर दोन. या सबंध विद्येत हमखास चालणारा उपाय हा एवढाच, म्हणून तो कुणाला लवकर सांगू नका.

८. यूएसबी डोंगल आणायचा मोह आवरा. आवरला नाही, तर त्यातले काही डोंगल लावल्यावर स्वतःला सीडी म्हणवतात. उघडून बघा: आत विंडोजचा ड्रायव्हर. आपण वाय-फाय आहोत हे त्याच्याकडून कबूल करून घ्यायला 'मोडस्विच' नावाचा वेगळा प्रोग्राम लागतो. त्याचा भार पाचव्या रविवारी नको.

९. सगळं करून झालं आणि तरी काही नाही, तर 'आरएफकिल लिस्ट' ही आज्ञा द्या. उत्तर येईल, 'हार्ड ब्लॉक्ड: येस'. याचा अर्थ लॅपटॉपच्या कडेला एक छोटा सरकता खटका आहे आणि तो बंद आहे. कधीपासून? बहुधा डहाणू लोकलपासून. पायरी दोन ते आठ तुम्ही उगाच केल्यात असं मी म्हणणार नाही. तुमच्या तोंडावर तर नाहीच.

१०. कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, अपडेट आलं तर 'नंतर' म्हणा. मी 'आत्ता' म्हणालो. नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बांधावा लागतो, तो बांधला गेला नाही, आणि अकराव्या रविवारी मी पुन्हा चिन्हाविना.

११. प्रगत साधकांसाठी. स्टेशनजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात जा आणि पंधरा मीटर लॅन केबल मागा. दोन्ही टोकांना प्लग त्यांच्याकडूनच लावून घ्या. राउटर हॉलमध्ये, लॅपटॉप आतल्या खोलीत, म्हणून खिडकीच्या चौकटीला भोक पाडून केबल गॅलरीतून फिरवा. लावताक्षणी चालते.

केबल गॅलरीत दोरीच्या उंचीला येणार नाही हे बघा. आमची आली. पावसाळ्यात सौ. तिच्यावर टॉवेल वाळत घालतात. स्पीडवर परिणाम होत नाही; तीन ओले टॉवेल आणि एक सतरंजी घालून मी मोजला आहे.