बोटवाले नाना

सावेडीत आमच्या घराचा पत्ता सांगायला सोपा आहे: बोटीपासून डावीकडे वळा. पहिल्यांदा येणारा माणूस हे ऐकून दचकतो. नगरचा पाऊस ठाऊक असलेला जरा जास्तच दचकतो. समुद्र इथून दोनशे किलोमीटरहून लांब. पण बोट आहे. चौदा फुटी, फायबरची, नानांच्या पोर्चमध्ये ताडपत्रीखाली. गाडी बिचारी पाच वर्षं रस्त्यावर उन्हात तापत उभी असते.

नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. तोवर त्यांचा पाण्याशी संबंध फक्त कागदोपत्री. मग मुलाकडे मिलवॉकीला गेले आणि मुलाने त्यांना मिशिगन सरोवरात सॅमन धरायला नेलं. नानांनी एक मासा ओढला. त्या दिवशी गळाला नेमकं कोण लागलं, याबद्दल नानींचं मत वेगळं आहे.

परत आल्यावर पहिला महिना नानांनी सगळ्या गल्लीला सरोवर समजावून सांगितलं. नगरी माणसाला पाणी फक्त टीएमसीतच कळतं, म्हणून त्यांनी आकडेमोड करून ठेवली होती. आपलं मुळा धरण 26 टीएमसी. भंडारदरा 11. मिशिगन सरोवर साधारण 1 लाख 73 हजार टीएमसी. म्हणजे साडेसहा हजारांवर मुळा धरणं शेजारी-शेजारी! कट्ट्यावर शांतता पसरली. मग कुणीतरी काळजीने विचारलं, ‘त्यातलं जायकवाडीला किती सोडावं लागतं?’

सॅमनची कुळकथाही आम्हाला पाठ झाली. हा मासा मूळचा पॅसिफिकचा. त्या सरोवरात अलवाइफ नावाच्या समुद्री माशाने घुसून उच्छाद मांडला होता. त्याला खाणारं कुणीतरी हवं म्हणून मिशिगन राज्याने 1966 साली कोहो सॅमनची आणि पुढच्या वर्षी चिनूकची पिल्लं आणून सोडली. एका उपऱ्याच्या बंदोबस्ताला दुसरा उपरा आणला आणि पुढे त्याचीच सरबराई सुरू झाली. ‘पक्षप्रवेशच म्हणा ना,’ नाना म्हणत. आमच्या जिल्ह्यात याहून जास्त स्पष्टीकरण लागत नाही.

तर आता मुळा धरणात, म्हणजे ज्ञानेश्वर सागरात, तसंच मासे धरायचं ठरलं. पद्धत सोपी आहे: बोट बैलगाडीच्या चालीने हाकायची आणि मागून गळ ओढत न्यायचा. उन्हाळ्यात सॅमन खालच्या गार पाण्यात उतरतो. म्हणून दोरीला चार-पाच किलोचा गोळा बांधून गळ खोल नेतात आणि चाक फिरवून गोळा वर घेतात. याला डाउनरिगर म्हणतात. नानी म्हणाल्या, ‘म्हणजे रहाटच की.’ नानांना ते लागलं. पण दुसऱ्याच दिवशी भावाच्या मळ्यातल्या बुजवलेल्या विहिरीचा रहाट बोटीच्या मागच्या बाजूला बसवलेला दिसला. गोळ्याच्या जागी किराणा दुकानातून आणलेलं पाच किलोचं वजन. दुकानदार अजून ते मागतोय. गळाला आमिष म्हणून चकचकीत पत्र्याचा चमचा लावतात, असं कळल्यापासून नानींच्या रुखवतातले सहा चमचे भोकं पडून बोटीत गेले. नानी तेव्हापासून साखर वाटीने घालतात.

इंजिनाची गोष्ट निराळी. दर रविवारी ते पाण्याच्या पिंपात बुडवून चालू केलं जातं. नाना थंडाव्याच्या पाण्याची धार बोटाने तपासतात, प्लग काढून पुसतात, गिअरचं तेल दुधाळ झालंय का पाहतात (दुधाळ झालं की आत पाणी शिरलं समजायचं), ट्रेलरच्या बेअरिंगला ग्रीस भरतात. या कामात ते खरे वाकबगार झालेत. थट्टा करणाऱ्यानेही हे मान्य करायला हवं. गल्लीतल्या तीन स्कूटी त्यांनी फुकट दुरुस्त केल्यात. आणि सगळ्यात जीव त्या तळाच्या बुचावर. बूच लावायचं विसरून बोट पाण्यात ढकलणारे बहाद्दर त्यांनी मिलवॉकीत ऐकले होते. म्हणून त्यांनी बूच आधीच बसवलं आणि वरून एम-सील थापलं.

मी एकदा त्यांच्याबरोबर बारागाव नांदूरला ‘पाहणी’ला गेलो होतो. काठावर थर्माकोलच्या चप्पूवर बसून एक मच्छीमार जाळं सोडवत होता. नानांनी त्याला सगळी योजना सांगितली.

‘सॅमन कुठंय हितं?’

‘मरळ आहे ना.’

‘मरळ काठाच्या गवतात असती. तिथं बोट रुतंल तुमची.’

‘मग कटला?’

‘कटला चमचा कशाला गिळंल, काका? त्यो पाण्यातलं बारीक-सारीक गाळून खातो.’

‘आम्ही खायला धरत नाही,’ नाना म्हणाले, ‘नानी माळकरी आहेत. धरायचा आणि सोडून द्यायचा.’

तो माणूस जाळं खाली ठेवून बराच वेळ नानांकडे पाहत राहिला. ‘मंग तो पाण्यातच हाये की.’

राहुरीपर्यंत नाना एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, संपलं. बसस्टँडसमोर चहा पिताना म्हणाले, ‘मासे कुठे आहेत ते दाखवणारं यंत्र घ्यावं लागणार.’

बोट अजून गेली नाही, ती आळसाने नव्हे. उन्हाळ्यात आवर्तन सुटतं, पाणी उतरतं. पावसाळ्यात गढूळ होतं. श्रावणात नानी. मग पितृपक्ष. थंडीत मुलगा येणार असतो. तो आला की जाऊ. शिवाय परवानगीचा अर्ज आहेच, आणि खात्यात हयात घालवलेल्या माणसाला अर्जाच्या वाटेला घाई नसते. खरं तर नगरला नळाचं पाणी मुळा धरणातूनच येतं. बोट धरणाकडे जात नाही, पण धरण नळाने बोटीच्या पिंपात येतं.

यंदा जुलैत एका रात्री धो धो पाऊस झाला. ग्रीस भरण्यासाठी बोट पोर्चबाहेर काढली होती आणि ताडपत्री वाऱ्याने उडाली. सकाळी बोट निम्मी भरलेली. नानांच्या चेहऱ्यावर मात्र अभिमान: बुचातून एक थेंब गळत नव्हता. एम-सील निघेना, बादल्यांनी उपसायला माणूस मिळेना. आठवड्याने डेंग्यूच्या सर्वेक्षणाला आलेल्या ताईंनी बोटीत वाकून पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि पिशवीतून गप्पी मासे सोडले.

संध्याकाळी मी गेलो तेव्हा नाना बोटीच्या काठावर बसले होते. नवं यंत्र चालू होतं, त्याचा सेन्सर पाण्यात.

‘खोली दीड फूट,’ ते हळूच म्हणाले, जणू मासे बुजतील. ‘आणि बघ, टिपके दिसतायत.’

आतून नानींचा आवाज आला, ‘चमचे बाहेर काढा आधी त्यातले!’