सायकलच्या दुकानातल्या उंचीच्या तक्त्यास

उंचीच्या तक्त्या,

काउंटरमागच्या भिंतीवर चिकटून तू माणसांचा निकाल लावतोस. उंची एवढी, तर फ्रेम मीडियम, विषय संपला. पुढे गिऱ्हाइकाची मान आखडो, मनगट दुखो, तुझ्याकडे कोणी बोट दाखवत नाही. ‘सवय होईल’ म्हणून बोळवण होते. एवढ्याशा कागदाला एवढी खात्री आली कुठून?

170 सेंटिमीटर उंचीच्या दोघी घे. जांघेपासून जमिनीपर्यंत एकीचं माप 76, दुसरीचं 84. तुझ्या लेखी दोघी सारख्याच. आता सिरिल गिमार या फ्रेंच प्रशिक्षकाचा, सायकलपटू ग्रेग लेमाँडने जगभर पोचवलेला हिशेब लाव: हे माप गुणिले 0.883, म्हणजे क्रँकच्या (पायडलच्या दांड्याच्या) आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर. पहिलीला 67 येतात, दुसरीला 74. शिंपीसुद्धा नुसती उंची विचारून पँट बेतत नाही.

‘मग सीट वर घ्या,’ असं तुझे कैवारी सांगतात. तिथेच तर खरा घात होतो. सीटची नळी ताठ उभी नसते, जमिनीशी साधारण 73 अंशांचा कोन करून मागे कललेली असते. सीट 7 सेंटिमीटर वर ओढली की 2 सेंटिमीटर मागेही जाते. हँडल मात्र जागचं हलत नाही. म्हणजे जिचे पाय लांब आणि धड आखूड, नेमकं तिलाच हँडल दूर पडतं आणि खालीही. ती ताणून वाकते, अंगाचा भार तळहातांवर येतो, तिथली अल्नर नस दबते आणि करंगळी-अनामिकेला मुंग्या येतात. मग दुकानदार सीट रुळांवरून पुढे ढकलतो आणि हातांचं दुखणं गुडघ्यांच्या गळ्यात पडतं. माझ्या गुडघ्यांनी हे भोगलंय, म्हणून तुझा इतका राग येतो. आखूड पायांच्या माणसांचे हाल वेगळे: क्रँक लांब पडला की प्रत्येक फेरीत गुडघा पोटाशी येतो. त्यांना 165 मिलिमीटरचा क्रँक बसवता येतो, हे तू कधी सांगितलंस?

काळ्या सायकलींच्या जमान्यात 22 आणि 24 इंची फ्रेमवर भागवावं लागे. पोरं दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत. तेव्हा इलाज नव्हता. पण 1985 साली अमेरिकेत जॉर्जिना टेरी यांनी स्वतःची कंपनी काढली आणि ठेंगण्या बायकांसाठी पुढचं चाक 24 इंची ठेवलं, म्हणजे फ्रेम आखूड करूनही पाऊल चाकाला अडत नाही. त्यांनी शरीर पाहून सायकल बदलली. तू सायकल तशीच ठेवतोस आणि शरीराला दोष देतोस.

आता ऐक. प्रत्येक फ्रेमचे स्टॅक आणि रीच स्वतःवर छाप: क्रँकच्या आसापासून हँडलच्या नळीचं वरचं टोक किती उंच आणि किती पुढे. कंपन्या हे आकडे देतात, दडवतोस तू. तुझ्याशेजारी मोजपट्टी टांगलेली हवी आणि खालच्या खणात हँडल फ्रेमला जोडणारे आखूड स्टेम हवेत. पैसे घेण्याआधी ते लावून गिऱ्हाइकाला चक्कर मारून येऊ द्यायचं. ज्या दुकानात हे होत नाही, तिथून मी सायकल घेणार नाही आणि ओळखीतल्या कोणाला घेऊही देणार नाही.

— लांब पायांची, आखूड धडाची एक सायकलस्वार