पॉजवाले सर

चित्रपट रसास्वाद शिबिरात एक सर हमखास असतात. पुण्यात तर असतातच असतात. पत्रिकेत त्यांच्या नावामागे ‘ज्येष्ठ समीक्षक’ छापलेलं असतं, आणि त्यातलं ‘ज्येष्ठ’ राहून गेलं तर आयोजकांना फोन जातो. खांद्याला शबनम, हातात रिमोट. रिमोटच्या मागचं झाकण केव्हाच हरवलेलं, सेल रबरबँडनं आवळलेले. पॉजचं बटण मात्र इतकं झिजलेलं, की त्यावरच्या दोन रेघा आता फक्त सरांच्या अंगठ्याला ठाऊक.

सिनेमा ठरलेला : हिचकॉकचा १९६० सालचा ‘सायको’.

“सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, अशी हिचकॉकची थिएटरवाल्यांना सक्त ताकीद होती,” सर सुरुवात करतात. “आणि शेवट बाहेर फोडू नका, ही प्रेक्षकांना विनंती. का? तर आई कधीच मेलेली असते आणि खून नॉर्मननंच...” मागच्या बाकावरून ‘अरेरे!’ ऐकू येतं. सर ती दाद समजतात.

दिवे मालवतात. पडद्यावर अक्षरं उमटतात : फिनिक्स, शुक्रवार, ११ डिसेंबर, दुपारचे २.४३. पॉज. वेळ एवढी नेमकी का, यावर निरूपण. नायिकेची पांढरी अंतर्वस्त्रं चोरीनंतर काळी का होतात, हे सांगताना सर छताकडे बघतात. हॅट घातलेला हिचकॉक खिडकीबाहेर क्षणभर दिसतो. पुन्हा पॉज. “तो बघा!” म्हणत सर बोट दाखवायला पडद्यापाशी धावतात आणि हिचकॉकवर बरोब्बर त्यांचीच सावली पडते.

गंमत म्हणजे सरांचं एकही वाक्य चुकीचं नसतं. तरुणपणी फिल्म सोसायटीत त्यांनी हे सिनेमे सोळा मिलिमीटरच्या प्रिंटवर पाहिले. तिथं रीळ संपेपर्यंत तोंड उघडायची सोय नव्हती. तेव्हा गिळलेलं सगळं आता बाहेर येतंय.

मग हिचकॉकच्या उदाहरणातला टेबलाखालचा बॉम्ब. तो प्रेक्षकांना ठाऊक हवा, टेबलाशी गप्पा मारणाऱ्यांना नको. याला म्हणायचं सस्पेन्स. तेवढ्यात बाहेर चहा येतो. कपांचा आवाज मुलांना ऐकू येतो, सरांना येत नाही. हिचकॉकचा सिद्धान्त वर्गाला त्या क्षणी पुरता उमगतो.

चहा गार झाल्यावर गाडी न्हाणीघरात शिरते. पडद्यावर जेमतेम पाऊण मिनिटाचा खून; सरांकडे पाऊण तासाचा. चित्रीकरणाला आठवडा लागला, कॅमेरा अठ्ठ्याहत्तर ठिकाणी लावला, रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं, चाकूचा आवाज खरबुजात सुरा खुपसून काढला. हिचकॉकला तिथं संगीत नकोच होतं. संगीतकार बर्नार्ड हरमननं तरीही व्हायोलिनं किंचाळवली. ती किंकाळी सर स्वतः तोंडानं काढतात आणि रिमोटनंच हवेत वार करतात. त्या झटापटीत भलतंच बटण दाबलं जातं. पडद्यावर पुन्हा फिनिक्स, शुक्रवार, दुपारचे २.४३.

सभागृहाची वेळ संपलेली असते. शिपाई किल्ल्या वाजवत दारात उभा. एक मुलगी धीर करून विचारते, “सर, हा सिनेमा सलग कुठं बघायला मिळेल?”

सर चष्मा कपाळावर चढवतात. “सलग? अगं, सलग बघितलास तर कळणार कसा?”