प्रदक्षिणेचा आरंभ

संस्थेचे नाव स्वतःभोवती गरगर फिरले म्हणजे संस्थेचा उत्कर्ष होतो, असा समज ज्या कार्यकारी मंडळांत दृढमूल झाला आहे, त्यांच्या दफ्तरी ते फिरते नाव जीआयएफ होऊन रुजू होते, तेव्हा पहिली चौकट कोणती असावी याचा हुकूम कोणीच काढीत नाही. आणि आउटलुक २००७ सारखा करारी कारकून पहिलीच चौकट दाखवून उरलेल्यांना रजा देत असल्यामुळे, ९० अंशांपासून निर्यात झालेले ते गौरवशाली नाव वाचकास उभ्या रेघेच्या रूपाने दर्शन देते. उपाय क्षुद्र आहे: आरंभ शून्य अंशावर करावा, चौकटी ३६ असल्यास शेवट ३५० वर, कारण ३६० म्हणजे पुनश्च शून्यच, आणि तेथे फिरणे क्षणभर अडखळते. १८० अंशांवरून प्रारंभ केल्यास नाव उलटे उमटते. काही मंडळांची त्यास हरकत नसावी.