लाकडाचा पहिला उन्हाळा

शेगावात राहणाऱ्याला ऊन आणि पाहुणे कधी मागावे लागत नाहीत. गजानन महाराजांचं समाधिमंदिर गावात आणि मुंबई-नागपूर रेल्वे गावावरून, त्यामुळे महाराष्ट्रातला कुठलाही नातेवाईक कधी ना कधी आमच्या दारात बॅग टेकवतोच. दर्शन, महाप्रसाद, कचोरी आणि मग आम्ही, असा क्रम ठरलेला. यंदा त्यात आणखी एक प्रेक्षणीय स्थळ वाढलं : आमच्या दिवाणखान्याची लाकडी जमीन.

ही हौस पुण्याच्या चिरंजीवांची. "बाबा, कोटा फरशीवर किती वर्षं राहणार?" असं तो अशा स्वरात म्हणाला, की जणू आम्ही आजवर फलाटावरच झोपत होतो. मग ओकच्या फळ्या आल्या. माघात, महाराजांच्या प्रकटदिनाच्या गर्दीआधी त्या बसल्याही. त्या वेळच्या पाहुण्यांनी चपला थेट फाटकाबाहेर काढल्या. एका मावशींनी तर जमिनीलाच नमस्कार केला.

रामनवमीला आलेल्यांनी चष्मे काढून पुसले. फळ्यांवर केसाएवढ्या बारीक उभ्या भेगा पडल्या होत्या.

दुकानदाराला फोन लावला. तो गोड आवाजात म्हणाला, "घरात आर्द्रता किती ठेवता?" लोणचं ठेवतो, वाळवण ठेवतो, आर्द्रता ठेवायची असते हे आमच्या सात पिढ्यांत कुणी सांगितलं नव्हतं. "पस्तीस ते पंचावन्न टक्के ठेवा," तो म्हणाला. आर्द्रता मोजायचं यंत्र आणून भिंतीला लावलं. भर दुपारी बाहेर पारा 45 आणि आत आकडा पंधराच्याही खाली!

मग उलगडा झाला. लाकूड कापलं, रंधलं, पॉलिश केलं तरी हवेशी देवाणघेवाण सोडत नाही. कारखान्यातून आठ-नऊ टक्के पाणी पोटात घेऊन निघालेली फळी आमच्या एप्रिलमध्ये तीन-चार टक्क्यांवर येते आणि रुंदीत आक्रसते. त्यात आमची फळी अखंड लाकडाची नव्हेच. वर ओकचा तीन-चार मिलिमीटरचा पापुद्रा, खाली आडव्या-उभ्या थरांचं प्लाय. पापुद्र्याला आक्रसायचं असतं, प्लाय हलू देत नाही. एकत्र कुटुंबात वेगळं व्हायचं म्हणणाऱ्या धाकट्याची व्हावी तशी त्याची घुसमट होते आणि शेवटी तो तडकतो.

हे मी पाहुण्यांना समजावून सांगे. पण शेगावला येणारा माणूस समजून घ्यायला येत नाही, उपाय सांगायला येतो. अकोल्याच्या काकांनी खोबरेल सुचवलं. जळगावच्या आत्यांनी टाचांना लावायचं मलम पर्समधून काढून एका भेगेला लावलंसुद्धा. आमच्या हिनं "तहानलंय बिचारं" म्हणून ओल्या फडक्यानं पुसायचा सपाटा लावला. वरून भिजायचं आणि तासाभरात वाळायचं, यानं भेगांना उलट हुरूप आला. चिरंजीव फोनवरून म्हणाले, "एसी लावा." एसी हवेतलं उरलंसुरलं पाणीही नळीवाटे बाहेर टाकतो, हे मी त्याला सांगितलं. त्यानं मीटिंग असल्याचं सांगितलं.

शिकागोच्या भाचीनं मात्र मनापासून सहानुभूती दाखवली. तिच्याकडे हीच गत जानेवारीत होते. बाहेर बर्फ, आत हीटर, हवा ठणठणीत कोरडी, की फळ्यांमध्ये फटी. तिथं लोक हवेत ओलावा सोडणारं यंत्र विकत घेतात. ते यंत्र म्हणजे पत्र्याचा डबा, पाणी, पंखा असं तिनं वर्णन केलं, तेव्हा मी वळून आमच्या कूलरकडे पाहिलं. शेगावात घरोघरी असलेलं हे यंत्र आम्ही आजवर माणसांवर वाया घालवत होतो!

त्या दिवसापासून कूलरचं तोंड जमिनीकडे. कूलरच्या ताटीतला लाकडाचा कीस ओलाचिंब, जमिनीचं लाकूड गारेगार, आणि आम्ही नवराबायको वऱ्हांड्यात पेपरनं वारा घेतोय. नळाचं पाणी आधी कूलरला, मग तुळशीला, मग आम्हाला.

शेवटी गावातल्या सुतारमिस्त्रींना बोलावलं. त्यांनी उकिडवं बसून भेगेवरून नख फिरवलं. "काकाजी, लाकूड हाय ते. उनाळ्यात तडकणार नाही त काय मोहर येईन त्याले?" मग आमच्या जुन्या सागवानी दाराकडे बोट दाखवलं. त्याच्या चौकटीतल्या फळ्या खाचेत नुसत्या सरकवलेल्या, सरस नाही की खिळा नाही. आकसा, फुगा, खुशाल. इथल्या काळ्या मातीला मे महिन्यात बैलाचा पाय अडकेल अशा भेगा पडतात. त्या गावच्या सुतारानं लाकडाला हलायला जागा ठेवली होती.

भेगा आत्ताच बुजवा म्हटलं, तर त्यांनी मान हलवली. उन्हाळ्यात भरलेली लांबी पावसाळ्यात लाकूड फुगलं की बाहेर येते. तसंच झालं असतं. महाराजांची पालखी पंढरपूरहून परतेपर्यंत भिंतीवरच्या यंत्राचा आकडा ऐंशीवर गेला आणि बहुतेक भेगा मिटून दिसेनाशा झाल्या. तडकलेलं लाकूड सांधलं गेलं नव्हतं, फक्त गप्प बसलं होतं. ऋषिपंचमीच्या पाहुण्यांना ते पटेना. "एवढ्या लांबून आलो, फोटोत तर दिसत होत्या," म्हणत ते गुडघ्यांवर टेकून टॉर्च मारत राहिले.

उरलेल्या दोन-चार रेषा रंगीत मेणानं बुजवायला मिस्त्रींनी दिवाळीनंतरचा मुहूर्त दिला आहे. ओलही नको, तापही नको म्हणून. चिरंजीव आता वरच्या खोलीतही लाकूडच टाकू म्हणतात. मी म्हटलं, टाकू की! फक्त दर मे महिन्यात कूलर जमिनीकडे वळवून तू त्या खोलीत राहायचंस.

काल त्यानं कोटा फरशीचा भाव विचारला.