पार्किंग आहे की!

मराठीतलं सर्वांत बेभरवशाचं क्रियापद कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी ‘आहे’चं नाव घेईन. ‘बघू’, ‘करतो’, ‘होऊन जाईल’ ही मंडळी उघडउघड लबाड. त्यांच्याकडून कुणी अपेक्षाच ठेवत नाही. ‘आहे’ मात्र चेहऱ्याने सज्जन. त्याच्यावर विश्वास ठेवून मी कोथरूडमध्ये फ्लॅट भाड्याने घेतला.

“पार्किंग आहे ना?” मी एजंटला विचारलं.

“आहे की!” तो म्हणाला, आणि जिन्याखाली उभं राहून त्याने उजव्या हाताने हवेत एक अर्धवर्तुळ काढलं. त्या अर्धवर्तुळात चार गाड्यांची जागा, पाण्याच्या टाकीचं झाकण, वॉचमनची खाट आणि वाळत घातलेले दोन टॉवेल एवढं सगळं येत होतं. सकाळचे अकरा वाजले होते. पुण्यातलं कुठलंही पार्किंग सकाळी अकराला बघावं, ते माळरानासारखं दिसतं. मी खूश झालो. आता मागे वळून बघताना एजंटला दोष देता येत नाही. पार्किंग होतंच. ते तुमचं आहे असं तो म्हणाला नव्हता. शाळेत षष्ठी विभक्तीच्या तासाला मी लक्ष दिलं असतं, तर पुढचे अकरा महिने वाचले असते.

करारनामा करायला एक मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन आला. माझा अंगठा यंत्राला काही पटेना. “सर, जरा डोक्याला पुसा,” तो म्हणाला. मी डोक्याला पुसला. तेल लागल्यावर अंगठा पटला. मग मी करार वाचायला घेतला. पंखे चार, ट्यूबलाइट सहा, गीझर एक, ‘किचन ट्रॉली चालू स्थितीत’, सगळं होतं. पार्किंग नव्हतं.

“पार्किंग लिहिलं नाही हो.”

“सर, ते फ्लॅटबरोबर येतंच.”

‘येतंच’ हा ‘आहे’चा मावसभाऊ. पण आधीच सहाव्यांदा अंगठा लावून झाला होता, दस्त सरकारदरबारी जायला निघाला होता, आणि त्या मुलाला वारज्यात अजून दोन अंगठे घ्यायचे होते. मी सोडून दिलं.

नंतर कळलं ते फारच जिव्हारी लागणारं होतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. त्याचं कलम ५५ सांगतं की असा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. करार नोंदवलेला नसेल तर? तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे मी काहीच नोंदवलं नसतं, तर ‘मला पार्किंग देऊ केलं होतं’ हे माझं म्हणणं ग्राह्य धरलं गेलं असतं. मी डोक्याला अंगठा पुसपुसून, मुद्रांक शुल्क भरून, कायदेशीरपणे स्वतःचं पार्किंग घालवलं. पंखे मात्र चारही सुरक्षित आहेत.

एक मे रोजी, महाराष्ट्र दिनाची सुट्टी साधून आम्ही राहायला आलो. आमच्या मालकांची जागा पाच नंबरची. खांबावर पिवळ्या रंगात ‘५’ लिहिलेला, आणि त्या पाचाला टेकून कव्हर घातलेली एक गाडी. कव्हर मूळचं राखाडी असावं. आता त्यावर कबुतरांनी बऱ्याच पिढ्या नांदून दाखवल्या होत्या. चारही टायर जमिनीला इतके समरसून बसले होते की गाडी उभी नसून पेरलेली वाटत होती.

“ती एकशेदोनच्या आजींची,” वॉचमन म्हणाला.

“कधी काढतात?”

त्याने माझ्याकडे, हिमालय कधी हलवतात असं विचारणाऱ्याकडे बघावं तसं बघितलं.

मालक सांगलीला असतात. फोन केला. “लावा की हो गाडी, कोण काय म्हणतंय!” ते म्हणाले. “जागा आपली आहे. चाळीस हजार रोख मोजलेत बिल्डरला. पावती आहे.” पुन्हा ‘आहे’. गाडीवर गाडी कशी लावायची हे तेवढं त्यांनी सांगितलं नाही.

तर माझी गाडी रस्त्यावर गेली आणि मी सम-विषम तारखांच्या संसारात पडलो. ज्यांना पुण्यातले पी-१, पी-२ ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: विषम तारखेला गाडी रस्त्याच्या एका बाजूला लावायची, सम तारखेला दुसऱ्या. चुकलात की टोइंगवाले येतात, आणि ते इतक्या चपळाईने येतात की पुण्यात एवढी कार्यक्षमता दुसरीकडे कुठे बघायला मिळत नाही. त्यामुळे रोज रात्री जेवण झालं की मी पायजम्यावर खाली उतरायचो आणि गाडी पलीकडे न्यायचो. तिथे माझ्यासारखेच आणखी चार-पाच पायजमे भेटायचे. कुणी भाडेकरू, कुणाच्या घरात दुसरी गाडी आलेली. आम्ही एकमेकांची नावं कधी विचारली नाहीत. एकजण दुसऱ्याला जागा धरून द्यायचा, एवढंच नातं, आणि ते माझ्या कित्येक नात्यांपेक्षा टिकाऊ होतं.

स्वयंपाकघरातलं कॅलेंडर बायको चतुर्थी-एकादशीसाठी बघायची, मी सम-विषमसाठी. आणि अशाच एका रात्री मला तो शोध लागला. ३१ मे. विषम. उद्या १ जून. तीही विषम! गाडी हलवायचीच नाही. मी पुन्हा बोटं मोजून खात्री केली. मग हात धुऊन पलंगावर आडवा झालो, आणि दहा वाजता झोपलो. तेव्हापासून ३१ तारीख हा आमच्या घरातला सण. वर्षात असे सात येतात. जुलै आणि ऑगस्ट लागोपाठ, म्हणजे श्रावणात नुसती चंगळ. लीप वर्षात २९ फेब्रुवारी धरला तर आठवा, पण ते भाग्य आमच्या कराराच्या नशिबी नव्हतं. ३१ डिसेंबरला लोक का एवढा आनंद करतात हे मला आधी कधी समजलं नव्हतं.

सप्टेंबरात सोसायटीची वार्षिक सभा भरली. ती तीस सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून आमच्याकडे ती अठ्ठावीसला होते. मी मालकांचं पत्र घेऊन गेलो. “तुम्ही सभासद नाही,” सेक्रेटरी म्हणाले. “बसा, पण बोलू नका.” मालक इथे राहत नाहीत म्हणून सोसायटी त्यांच्याकडून सेवाशुल्काच्या दहा टक्के बिनभोगवटा शुल्क घेते, तेवढीच मर्यादा आहे. म्हणजे ते राहत नाहीत याचे पैसे ते भरत होते आणि मी राहतो याचे मी. दोघांपैकी बोलायचा अधिकार एकालाही नव्हता, कारण ते सांगलीत होते.

पत्र सेक्रेटरींनी वाचलं. पाच नंबर आमचा, पावती जोडली आहे, वगैरे. तेव्हा तळमजल्यावरचे एक निवृत्त बँक अधिकारी उठले. हे गृहस्थ सभेला फाइल घेऊन येतात, आणि फाइल उघडली की आमच्याकडे लोक चहाची वाट बघायला लागतात. त्यांनी चष्मा लावला आणि सांगितलं की बिल्डरला स्टिल्टखालचं पार्किंग विकताच येत नाही. दहिसरच्या एका सोसायटीतल्या पंचवीस जागांवरून बिल्डर सुप्रीम कोर्टापर्यंत भांडला आणि हरला. निकाल ३१ ऑगस्ट २०१०. (तारीख ऐकून मला एकट्यालाच भरून आलं.) ती जागा सगळ्या सोसायटीची, सामाईक. बिल्डरची पावती म्हणजे निव्वळ कागद.

“म्हणजे पाच नंबर यांच्या मालकांचा नाही!” सेक्रेटरी आनंदाने म्हणाले.

“पाच काय, एकही नंबर कुणाचा नाही,” बँकवाले म्हणाले. “तुमचा दोन नंबरसुद्धा.”

मी त्या सभेत पहिल्यांदाच शांतता ऐकली. इमारतीत फ्लॅट अठरा, गाड्यांच्या जागा सात. बांधली तेव्हा कोथरूडात चारचाकी ही पाहुण्यांकडे असायची, त्यामुळे सात म्हणजे उधळपट्टी वाटली असणार. आता सात जणांकडे सात पावत्या होत्या आणि अकरा जणांकडे इतकी वर्षं नुसता मनस्ताप. ते अकरा जागे झाले. “उपविधीत आहे, जागा कमी असतील तर चिठ्ठ्या टाकायच्या! दरवर्षी!” मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं. एका वहिनींनी तर पर्समधून कागद काढून फाडायलाही घेतला.

पुढच्या दहा मिनिटांत मी जे पाहिलं त्याला तोड नाही. सात जणांपैकी एकाला औषधाची वेळ झाल्याचं आठवलं. एकाची सून बाहेरगावाहून येणार होती. सेक्रेटरींनी अत्यंत जड अंतःकरणाने विषय ‘अधिक अभ्यासासाठी’ तहकूब केला आणि समोसे आत आणायला सांगितले. समोसे आल्यावर अकरांचं बंड थंड झालं. समोसे मात्र गरम होते. जाताना पावतीवाले बाकीचे सहाही जण माझ्याकडे असं बघून गेले की जणू सुप्रीम कोर्टात मीच गेलो होतो.

दसऱ्याला मात्र सगळ्या गाड्यांबरोबर त्या पेरलेल्या गाडीचंही कव्हर निघालं. आत पांढरी मारुती ८००, नुकतीच शोरूममधून यावी तशी चकचकीत. आजींनी तिला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं. चाक फिरणार नव्हतं. लिंबू तसंच राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी वॉचमनच्या सरबतात गेलं.

आजींशी सरळ बोलायचं मी टाळत होतो. ऐंशीच्या घरातल्या बाईला ‘तुमची गाडी काढा’ कसं म्हणायचं? शेवटी जानेवारीत, एका दुपारी धीर करून खाली गेलो. कव्हर अर्धं वर सारलेलं होतं आणि मागच्या सीटवर आजी बसल्या होत्या. मांडीवर परात, शेजारी मटारची पिशवी.

“कोण, वरचे का? ये, आत ये. दार जोरात ओढ, अडकतं ते.”

मी मागच्या दाराला हात घातला. “मागे मटार आहेत. पुढे बस,” त्या म्हणाल्या. मी चालकाच्या जागी बसलो. आत नेप्थलीनचा आणि हिरव्या शेंगांचा वास होता. आरशातून मूठभर शेंगा पुढे आल्या. “सोल. बोलता बोलता होतील.”

“तुम्ही इथे का बसता आजी?”

“घरात टीव्ही असतो सुनेचा. इथे कोणी येत नाही. आणि मागेच बसायची मी. पुढे बसलं की मी म्हणायची हळू चालवा, हळू चालवा, मग हे चिडायचे.” शेंग फुटल्याचा आवाज. “आता तू बसलायस तर म्हणत नाही काही.”

मी विषय काढला. माझा करार, माझे मालक, रात्रीचा पायजमा, सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

“तुझ्या मालकांनीच शब्द दिला होता यांना. अठ्ठ्याण्णव साली. म्हणाले, माझी गाडी येईपर्यंत तुम्ही लावा इथे. हे म्हणाले, तुमची आली की लगेच काढतो. चहा झाला वरती, मीच केला होता.” त्यांनी परात हलवून दाणे सारखे केले. “मग ते सांगलीला गेले. त्यांची गाडी आली का रे?”

“माझी आली ना, आजी.”

“तुझी नव्हे. त्यांची.”

तीच ती षष्ठी. मी मालकांना मनातल्या मनात आठवून पाहिलं: सांगलीत ते लुनावरून फिरतात. या जन्मात काही गाडी घेत नाहीत. मी उरलेल्या शेंगा सोलल्या. निघताना आजींनी वाटीभर मटार दिले. रात्री त्याचा पुलाव झाला आणि मग मी गाडी हलवायला खाली गेलो.

करार ३१ मार्चला संपला. मालकांनी फोन करून दहा टक्के वाढवून राहा म्हणून सांगितलं, आणि स्वतःहून जोडलं, “पार्किंग तर आहेच.” आम्ही नको म्हटलं. सिंहगड रस्त्यावर दुसरी जागा बघितली. या वेळी एजंटशी बायको बोलली. तिने विचारलं, “पार्किंग कुणाचं आहे?” तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग त्याने भाडं दोन हजारांनी उतरवलं.

एकतीसच्या संध्याकाळी टेम्पो भरला. बायको ड्रायव्हरशेजारी बसली, मांडीवर देव घेऊन.

“तू गाडी घेऊन ये मागून,” ती म्हणाली.

“आज नाही. उद्या एक तारीख आहे.”

ती काही बोलली नाही. अकरा महिन्यांत तिचीही मोजदाद पक्की झाली होती. मी टेम्पोत मागे चढलो, गाद्यांच्या गठ्ठ्यावर बसलो आणि गीझरच्या दोरीला धरून राहिलो. म्हणजे आमच्या गीझरच्या. करारातला गीझर भिंतीवरच होता. वळणावर माझी गाडी दिसली, विषम बाजूला, दोन स्कूटरांच्या मध्ये अगदी चपखल. पायजम्यातल्या एकाने तिच्या बॉनेटवर हात ठेवून मला दुसरा हात केला.